सोपवून दिलेलं आयुष्य



आपल्या जिंतूर भागात मृगाचा पाऊस झाला की पेरणी होते. बी मातीत गेलं की शेतकरी ते रोज उकरून पाहत नाही; आणि बाजेवर पडूनही राहत नाही. कोळपणी, खुरपणी, राखण चालूच असते. ख्रिस्ती माणसाचं समर्पण याच जातीचं आहे. स्वतःला प्रभूच्या हाती द्यायचं, दिलेलं परत मागायचं नाही, आणि तो दाखवील त्या कामाला लागायचं.

आपण बहुतेकजण देण्यापाशीच अडतो. बाप्तिस्मा झालेला असतो, रविवारची उपासना चुकत नाही, गीतं तोंडपाठ असतात. पण वर्षानुवर्षं राग तोच, भावकीतला अबोला तोच, पैशाची धास्तीही तीच. पंडिता रमाबाईंनाही अशा कोरडेपणाला तोंड द्यावं लागलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विद्वत्ता अशी, की धर्मतत्त्वांवर त्या भल्याभल्यांशी वाद घालत. तरी पुढं आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, की सुमारे आठ वर्षं आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. बुद्धीनं सगळं मान्य केलं होतं. स्वतःला त्याच्या स्वाधीन करायचं राहून गेलं होतं.

स्वाधीन झाल्यानंतरच्या रमाबाई पाहा. त्यांचे आईवडील पूर्वीच्या एका दुष्काळातच उपासमारीनं गेले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथं विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. १९०० च्या सुमारास तिथं पंगतीला बसणारे दोन हजारांच्या घरात गेले होते. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. १९२१ मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई प्रभूकडे गेल्या.

असंच समर्पण ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. त्यांनी तर १९१७ मध्ये, उतरत्या वयात, मिशनचा बांधलेला पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली.

कुणी विचारील, समर्पण केलं म्हणजे मग मागायचंच नाही का? खुशाल मागा. गेथशेमाने बागेत प्रभू येशूनंही दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनंती केली. शेवटचा शब्द मात्र पित्याचा राहू दिला. पीक हातचं गेलं, कर्ज फिटेना, मुलाला नोकरी लागेना, तर देवापुढं मन मोकळं करावं, रडावंसुद्धा. पण 'हे झालं तरच तुझा' अशी अट घातली, की तो सौदा होतो. सौद्यानं आत्मिक वाढ होत नाही.

ती वाढ ओळखायला मोठी चिन्हं नकोत. ज्याच्याशी बोलणं तुटलं त्याच्या दारी आपण आधी गेलो, हिशेबातला खोटेपणा सोडला, दुखणाईत शेजाऱ्यासाठी वेळ काढला, की पवित्र आत्मा आत काम करतो आहे असं समजावं.

तेव्हा मित्रांनो, आज झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत, आजवर देवापासून राखून ठेवलेली एक गोष्ट नाव घेऊन त्याच्या हाती द्या. आणि उद्या सकाळी तिच्याबाबत तो जे करायला सांगेल, ते करा. जय ख्रिस्त.