सेल्फ लागतोय, मग बॅटरी का बदलायची? (लेह राइड स्पेशल)

मे महिना आला की माझ्या इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. शब्द वेगळे, पण गाभा एकच: "दादा, बाइकची बॅटरी तीन वर्षांची झालीये. सेल्फ पहिल्या फटक्यात लागतो. जूनमध्ये लेहला निघतोय. बदलू की राहू दे?" आज फक्त ह्याच प्रश्नावर बोलू या.

आधी हे समजून घ्या, की पुण्यात किंवा नागपुरात सेल्फ लागतो ह्याचा अर्थ फार थोडा आहे. लेड-ॲसिड बॅटरीचा स्वभाव विचित्र आहे. तिला खराब करते ती उष्णता, आणि तिचं खराब होणं उघडं पाडते ती थंडी. बॅटरीचं तापमान सतत 8-10 अंशांनी जास्त राहिलं, तर तिचं आयुष्य जवळपास अर्ध्यावर येतं. आता विचार करा, आपल्याकडच्या तीन उन्हाळ्यांत, पत्र्याच्या शेडखाली उभ्या राहिलेल्या बाइकमध्ये तिचं काय होत असेल! पण तेव्हा कळत नाही, कारण गरम हवेत आतली रासायनिक क्रिया पटापट होते आणि इंजिन ऑइलही पातळ असतं. अर्धमेली बॅटरीसुद्धा काम चालवून नेते.

आता तीच बाइक सरचूच्या टेंटबाहेर रात्रभर उभी करा. उंची 4,200 मीटरच्या वर, पारा शून्याच्या आसपास. एवढ्या थंडीत चांगल्या बॅटरीचीही साधारण पाचवा हिस्सा ताकद जाते. वर ऑइल घट्ट झालेलं, म्हणजे इंजिन फिरवायला जोर जास्त हवा. सकाळी सेल्फ दाबला की नुसती टकटक.

"मग धक्का मारू की!" असं पब्लिक म्हणतं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते चालायचं. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, आणि टूरिंगच्या बाइक्स आता फ्युएल इंजेक्शनच्याच आहेत. बहुतेकांना किक नाही. बॅटरी थोडी कमी असेल तर धक्क्याने गाडी चालू होईलही, पण पूर्ण उतरली असेल तर पेट्रोल पंपाची मोटर फिरत नाही, ईसीयू जागा होत नाही. कितीही पळा, इंजिनात पेट्रोलच जात नाही. शिवाय त्या उंचीवर दोनशे किलोची बाइक ढकलून बघा म्हणजे कळेल. केलाँग सोडलं की लेहपर्यंत साधारण 350 किलोमीटर आहेत, आणि मधल्या ढाब्यांवर मॅगी मिळते, बॅटरी नाही.

तर घरीच तपासायचं कसं? एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. बाइक रात्रभर उभी राहू द्या. चालवून आल्या-आल्या मोजलं तर आकडा उगाच फुगलेला दिसतो. सकाळी चावी न लावता टर्मिनलवर मोजा. 12.6 ते 12.8 व्होल्ट म्हणजे फुल. 12.4 म्हणजे पाऊण भरलेली. 12.2 म्हणजे अर्धी. ह्याच्या खाली असेल तर चार्जरवर लावून पुन्हा मोजा.

पण इथेच थांबू नका! खूप जण 12.6 बघून खूश होतात. उभ्या बॅटरीचा आकडा तिच्यात चार्ज किती आहे ते सांगतो, दम किती आहे ते नाही. दम कळतो सेल्फ मारताना. मीटर जोडलेला ठेवा, आणि त्या सकाळच्या पहिल्याच स्टार्टला आकडा किती खाली जातो ते पहा. स्वस्त मीटरचा आकडा भर्रकन बदलतो, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि मग थांबवून-थांबवून बघा. 10 च्या वर राहिला तर बॅटरीत जीव आहे. 9.5 च्या खाली गेला, तर पुण्यातल्या मे महिन्यात ही तऱ्हा आहे म्हटल्यावर सरचूला काय होणार ते वेगळं सांगायला नको.

तिसरं माप, जे गॅरेजमध्येही बऱ्याचदा राहून जातं: इंजिन चालू असताना. रेस थोडी वाढवून तीन-चार हजार आरपीएमवर धरा. साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास दिसलं पाहिजे. 13 च्या खाली असेल तर चार्जिंगच होत नाहीये. नवी बॅटरी टाकलीत तर तीही एक-दोन दिवसांत उतरेल आणि दोष बॅटरीवर जाईल. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर बिघडलाय, तो बॅटरी उकळून मारेल. दोन्हीपैकी काहीही असेल तर आधी ते दुरुस्त करा, बॅटरी नंतर.

ह्याच वेळी फॉग लॅम्प लावून पुन्हा मोजा. 40 वॉटचे दोन दिवे म्हणजे जवळपास 7 अँपिअर. साडेतीनशे सीसीच्या बाइकला बॅटरी असते साधारण 8 अँपिअर-अवरची. जॅममध्ये आयडलवर दिवे, मोबाइल चार्जर, सगळं चालू ठेवलं तर खर्च जमेपेक्षा जास्त होतो. चार्जर थेट बॅटरीला जोडला असेल तर तो चावीवर चालणाऱ्या लायनीवर घ्या. जीपीएस ट्रॅकरसुद्धा उभ्या गाडीत थोडं-थोडं खातच असतो.

आता मूळ प्रश्न. माझं मत: बॅटरी तीन वर्षांची असेल आणि लेह किंवा स्पितीला निघाला असाल, तर तिन्ही मापं चांगली आली तरी बदला. महाबळेश्वर किंवा तारकर्लीला जाणार असाल तर मी बदला म्हणणार नाही, उगाच खर्च आहे. तिथे रिक्षा करून बॅटरी आणता येते. आणि बदलायची ती निघायच्या आदल्या दिवशी नाही. दोन-तीन आठवडे आधी. नव्यातही एखादी सदोष निघते, ती घराजवळ कळू दे, वॉरंटी कार्डावर शिक्का घेतलेला असू दे. दुकानात बनवल्याची तारीख बघा. वर्षभर फळीवर पडलेली नको. ॲसिड तुमच्यासमोर भरलं असेल तर लगेच बसवून द्यायची घाई करू देऊ नका, आधी चार्ज करून मागा. आणि ह्याच मुहूर्तावर हलकी म्हणून लिथियम बॅटरीचा प्रयोग नको, थंडीत तिचे नखरे वेगळे असतात.

बसवताना: काढायची तेव्हा निगेटिव्ह आधी, लावायची तेव्हा पॉझिटिव्ह आधी. पाना फ्रेमला लागून ठिणगी उडू नये म्हणून हा क्रम. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडं करा, बोल्ट घट्ट आवळा आणि वरून थोडं पेट्रोलियम जेली. खराब रस्त्यांवर बोल्ट सैल होतो आणि लोक बॅटरी गेली म्हणून रडत बसतात, तेव्हा तेवढा पाना टूलकिटमध्ये असू द्या.

बाइक ट्रेनने चंदीगडला पाठवणाऱ्यांसाठी एक. पेट्रोल तर काढावंच लागतं, पण त्याआधी निगेटिव्ह वायरही सोडवून टेप गुंडाळून ठेवा. पार्सल कधीकधी आठवडाभर अडकतं, आणि ट्रॅकर तेवढ्यात नवी बॅटरीही रिकामी करू शकतो.

जुनी बॅटरी घरी ठेवू नका, भंगारवाल्यालाही नको. नवी घेताना दुकानात परत दिली की पैसे कमी होतात आणि आतलं शिसं ठिकाणावर जातं. मापांचे व्हिडिओ पाठवलेत तर बघून उत्तर देईन. पुढच्या भागात टायर!