मान व पाठकण्याचे स्नायू : दुखणे थांबल्यानंतरची काळजी



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्यामुळे पाठीचे दुखणे अंगावर काढले जाते, आणि थोडा आराम पडताच भगिनी पुन्हा शेतात उतरतात. म्हणून या स्नायूंची ओळख आपणांस करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

पाठकण्यात मानेचे ७, पाठीचे १२ व कमरेचे ५ मणके असून त्याखाली त्रिकास्थी व माकडहाड असते. मांडवाचा खांब जसा ताणलेल्या दोरांमुळे उभा राहतो, तसा हा कणा स्नायूंमुळे उभा राहतो. मानेच्या बाजूचा स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइड मस्तक वळवितो. उजवा आकुंचन पावला की चेहरा डावीकडे वळतो. कवटीच्या मागील भागापासून पाठीच्या बाराव्या मणक्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस खांदे उचलून धरतो. मस्तकाचे वजन सुमारे ४.५ ते ५ किलो असते. खाली पाहून काम करताना ते पेलण्याचा भार मानेमागील स्नायूंवर सतत राहतो.

पाठीवरील इरेक्टर स्पायनी हा स्नायूसमूह वाकताना शरीराला आवरून धरतो. मात्र पूर्ण वाकल्यावर तो जवळजवळ निष्क्रिय होतो, असे फ्लॉइड व सिल्व्हर यांनी १९५५ साली दाखविले. तेव्हा भार अस्थिबंध व चकत्यांवर जातो. तासन्‌तास वाकून वेचल्यावर एकदम हिसका देऊन गाठोडे उचलणे अपायकारक ठरते, ते यामुळेच.

याहून खोल असतो मल्टिफिडस. तो मणक्यांना एकमेकांशी स्थिर ठेवतो. कंबरदुखीच्या पहिल्या झटक्यानंतर वेदना शमली तरी हा स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही. नेमक्या व्यायामाने तो सावरतो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केले. दुखणे थांबले म्हणजे पाठ बरी झाली, असे नव्हे.

दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणेही हितावह नाही. हेलसिंकी येथील १९९५ च्या अभ्यासात, सोसवेल तितका नित्यव्यवहार चालू ठेवणारे रुग्ण अंथरुणावर विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा लवकर सावरले. वेचणी करताना मधूनमधून सरळ उभे राहावे, कमरेवर हात ठेवून किंचित मागे झुकावे. झोळी फार भरू देऊ नये. ओझे गुडघे वाकवून, अंगाजवळ धरून उचलावे. मात्र पाय लुळे पडणे, जांघेत बधिरता येणे, लघवी अडणे वा नकळत होणे, यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब रुग्णालयात यावे.

गोळी एका भेटीत देता येते. व्यायाम शिकविण्यास अनेक भेटी लागतात, आणि प्रत्येक भेटीत रुग्णाची एक दिवसाची मजुरी व गाडीभाडे जाते. दात्यांचे साहाय्य या पुढील भेटींसाठी लाभावे, ही आमची विनंती आहे. आप्तांना एवढेच सांगावयाचे, की वेदना थांबल्यावरही घरातील त्या माउलीला व्यायामासाठी रोज थोडा वेळ काढून द्यावा.