मार्शमॅलोचं मूळ: घशाला आराम मिळतो, पण कुठपर्यंत?

आजचा विषय आहे मार्शमॅलो. थांबा, कॅम्पफायरवर भाजतात ती पांढरी, गुबगुबीत मिठाई नाही. ज्या झाडावरून तिला हे नाव मिळालं, ते झाड. त्याच्या मुळाचे चहा, सिरप, कॅप्सूल हल्ली ऑनलाइन सर्रास दिसतात. ‘खोकल्यावर रामबाण’ असं म्हणत कुणीतरी रील टाकतं आणि आपण ऑर्डर करून मोकळे होतो. म्हणून म्हटलं, एकदा नीट बोलूया.

तर या झाडाचं शास्त्रीय नाव अल्थिया ऑफिसिनॅलिस. युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या दलदलीच्या, ओलसर जागी ते वाढतं. इंग्रजीत मार्श म्हणजे दलदल, आणि मॅलो हे झाडाचं नाव. ‘अल्थिया’ हा शब्द ग्रीक भाषेतल्या ‘बरं करणं’ या अर्थाच्या शब्दावरून आला. म्हणजे औषधी असणं नावातच आहे.

आता गंमत ऐका. हे झाड भेंडीच्या कुळातलं आहे. भेंडी, अंबाडी, जास्वंद, कापूस हे सगळे त्याचे भाऊबंद. भेंडी चिरताना हाताला लागतो तो बुळबुळीत चिकट पदार्थ आठवला? त्याला म्युसिलेज म्हणतात. मार्शमॅलोच्या मुळात हाच पदार्थ भरपूर असतो आणि औषधी गुणाचा मोठा वाटा त्याचाच.

तो काम कसा करतो? पाण्यात तो फुगतो, दाट होतो. आपण घोट घेतला की घशाच्या आतल्या नाजूक त्वचेवर त्याचा पातळ थर बसतो. कोरड्या खोकल्यात घसा खवखवतो, म्हणून आपण खोकतो, खोकल्याने घसा आणखी सोलवटतो. हे चक्र तो थर जरा थांबवतो. बस, एवढंच. जंतू मारणं हे त्याचं काम नाही.

ही ओळख किती जुनी? अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने वनस्पतींवरच्या ग्रंथात या झाडाबद्दल लिहिलंय. खोकल्यासाठी गोड वाइनमधून, जखमांसाठी तेलातून द्यायचं, आणि मूळ पाण्यात टाकलं की पाणी दाट होतं, असंही तो नोंदवतो. म्हणजे सुमारे 2,300 वर्षांपूर्वी! पुढे युरोपात गळू, सूज यांवर मुळाची पोटीस बांधायचे, आपल्याकडे अळशीची बांधतात तशी. फ्रान्समध्ये दात येणाऱ्या बाळाला वाळलेलं मूळ चघळायला देत. आज मात्र हे करू नका, तुकडा तुटून घशात अडकू शकतो.

आणि आपल्याकडे? हे झाड युनानी वैद्यकातून आलं. तिथे त्याला ‘खतमी’ म्हणतात. बिया ‘तुख्म-ए-खतमी’, मूळ ‘रेशा खतमी’. सर्दी-खोकल्याचा जोशांदा, म्हणजे काढा, करतात त्यात खतमी असते. त्यामुळे इंग्रजी लेबलचं महागडं पाकीट घेण्याआधी जवळच्या युनानी औषधांच्या दुकानात एकदा विचारून बघा.

आता करायचं कसं? इथे बहुतेकांचं चुकतं. आपल्याला काढा म्हटलं की उकळायची सवय. पण या मुळात स्टार्चही बराच असतो. उकळलं की त्याची खळ होते, कपड्यांना घालतो तशी. म्हणून जुनी पद्धत अशी: वाळलेल्या मुळाचे बारीक तुकडे साध्या पाण्यात निदान अर्धा तास भिजवायचे, अधूनमधून ढवळायचे, गाळायचे आणि लगेच प्यायचं. घटाघट नाही, हळूहळू. कारण थर घशात बसायला हवा.

बरं, विज्ञान काय म्हणतं? युरोपियन औषध संस्थेने या मुळाला ‘परंपरागत वापर’ या गटात मान्यता दिलीय: कोरडा खोकला, घशाची खवखव, आणि पोटातली सौम्य जळजळ. या गटाचा अर्थ समजून घ्या. निदान 30 वर्षं वापर झालाय, त्यातली 15 युरोपीय संघात, आणि तो सुरक्षित दिसतोय, असा हा शिक्का. मोठ्या चाचण्यांमध्ये गुण सिद्ध झाला, असा त्याचा अर्थ होत नाही. जाहिरातवाले नेमका हाच फरक गिळून टाकतात.

काही सावधगिरी, पटापट सांगतो:

• तुम्ही रोजच्या गोळ्या घेत असाल, तर त्या आणि हे पाणी यांच्यात अर्धा ते एक तासाचं अंतर ठेवा. हा चिकट थर औषध शोषलं जाणं लांबवू शकतो.
• तीन वर्षांखालच्या मुलांना खोकल्यासाठी देऊ नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टाळावं.
• सिरपमध्ये साखर असते. डायबेटिस असेल तर लेबल वाचा.

आणि ती मिठाई? एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ती या मुळाच्या रसापासून व्हायची. नंतर रसाची जागा जिलेटिनने घेतली. आजच्या पाकिटात साखर, सिरप आणि जिलेटिन असतं, मूळ नसतंच. तेव्हा मार्शमॅलो खाऊन घसा बरा होणार नाही. आणि जिलेटिन प्राण्यांपासून बनतं, शाकाहारी मंडळींनी लक्षात घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घशाला आराम मिळाला की आपल्याला वाटतं, आजार गेला. इथेच धोका आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर टीबीची तपासणी करून घ्यायची, हे आपल्या सरकारी टीबी कार्यक्रमाचं सांगणं आहे. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. थुंकीतून रक्त, वजन घटणं, रात्री घाम, दम लागणं, ताप, यातलं काही असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका. टीबीवर पूर्ण उपचार आहेत, पण उशीर झाला तर फुप्फुसाचं नुकसान होतं आणि घरच्यांनाही लागण होऊ शकते.

म्हणजे हिशेब सोपा आहे. चार दिवसांच्या कोरड्या खोकल्याला हे मूळ चांगलं. तीन आठवडे खोकणाऱ्या रूममेटला मात्र मुळाचं पाकीट देऊ नका, त्याला हाताला धरून दवाखान्यात न्या. असा कुणी डोळ्यांसमोर आला असेल, तर हा भाग आत्ताच त्याला पाठवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!