तलावाचे शेवटचे पाणी



भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव धानासाठी बांधले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. पाणी तुमच्या धानाला, मासोळी आम्हा ढिवरांना, ही रीत मात्र चालत राहिली.

सोसायटीच्या वहीत रोहू, कटला, मिरगल यांचा हिशेब असतो. ते बाजारासाठी. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, म्हणून बीज विकत आणावे लागते. आमच्या चुलीवर शिजते ती मरळ, मागूर, झिंगे. ही तलावातच वाढतात आणि कोणत्याच वहीत दिसत नाहीत. रोवणी-कापणीची मजुरी नसते तेव्हा लेकरांच्या ताटात भाताबरोबर हीच असतात.

उन्हाळी धानासाठी तलाव तळापर्यंत उपसला, की मरळ-मागूर वरची हवा घेऊन चिखलात तग धरतात. तळाला भेगा पडल्या, की तेही संपते. बियाण्याचे धान कोणी शेतकरी शिजवून खातो का?

आमची मागणी एवढीच: तलावाच्या खोल भागात कंबरभर पाणी राखा. पहिल्या पावसात नाल्यात चढणारी, अंड्यांवर आलेली मासोळी आम्ही धरणार नाही. दोन्ही गोष्टींचा एकच ठराव ग्रामसभेत करू. तुमचे-आमचे पोट एकाच पाळीच्या आधाराने आहे.