वजन उतरले, हाडांचे काय?

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आता आपल्याही घरांत येऊन पोहोचली आहे. मधुमेहाने व रक्तदाबाने जेरीस आलेल्यांना तिच्यापासून खरोखर आराम पडतो; तिची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक. तिच्यामागून येणाऱ्या एका दुर्लक्षित गोष्टीची कारणे उलगडून सांगावी, एवढीच इच्छा आहे.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष प्रचारात आहेत. अमेरिकेतील आयोवा येथे १९६६ साली डॉ. एडवर्ड मेसन यांनी ज्याचा पाया घातला, त्या बायपास प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याच्या पुढील भागास जोडतात. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात.

अन्नातील कॅल्शियम मुख्यतः लहान आतड्याच्या आरंभी शोषले जाते, आणि बायपासमध्ये अन्न नेमका तोच भाग टाळून जाते. ड जीवनसत्त्वही कमी पडते. रक्ताला मात्र कॅल्शियम ठराविक प्रमाणात हवेच. मग गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचा स्राव वाढतो आणि हाडांच्या ठेवीतून उचल सुरू होते. शिवाय देहाचा भार उतरला की हाडांना बळकट राहण्याचे कारणही उणावते. हे सारे मुकाट्याने घडते. बायपासनंतर अस्थिभंगाचा धोका वाढतो, हे स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासातही दिसून आले आहे.

उपाय अवघड नाही, परंतु तो जन्मभर चालवावा लागतो. सामान्यतः अन्न व गोळ्या मिळून दिवसास १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ते थोडेथोडे विभागून घ्यावे. सायट्रेट प्रकारची गोळी आम्ल कमी असले तरी शोषली जाते. लोहाची गोळी तिच्यापासून दोन तास दूर ठेवावी. ड जीवनसत्त्वाची मात्रा रक्त तपासून डॉक्टरांनीच ठरवावी. आपली नाचणी गुणी खरी; १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम देते. पण लहान झालेल्या जठरात ती किती मावणार? पुरेशी प्रथिने, नित्य चालणे व सांगितल्या वेळी हाडांची डेक्सा तपासणी, हेही चुकवू नये.

आता मुख्य गोष्ट. उपवर मुलीची शस्त्रक्रिया आपण लपवितो. मुलगी सासरी जाते आणि गोळ्यांची बाटली माहेरीच राहते! शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी असा सल्ला असतो. तोही मग कोण कोणास सांगणार? लोकलज्जेपायी लेकीची हाडे झिजवावी, हा कोणता कुलाचार?

म्हणून वधूपित्यांनी हे मोकळेपणाने सांगावे, आणि वरपक्षाने ते उणेपण न मानता सुनेच्या औषधाची आठवण स्वतः ठेवावी, अशी उभयपक्षांस हात जोडून विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.