धनत्याग आणि धनविनियोग : ख्रिस्ती परंपरेतील एक जुना प्रश्न
(व्याख्यानाचा संपादित पाठ)



धनवंताने गरिबांसाठी आपल्या संपत्तीचा त्याग करावा काय, आणि करावा तर किती, हा प्रश्न प्रत्येक धर्मासमोर कधी ना कधी उभा राहिलेला आहे. ख्रिस्ती धर्मापुढे तो अगदी आरंभापासून आहे, कारण खुद्द येशू ख्रिस्तानेच तो एका धनवंतापुढे ठेवला होता. दोन हजार वर्षांत ख्रिस्ती समाजाने त्याला जी निरनिराळी उत्तरे दिली, त्यांचा हा संक्षिप्त आढावा आहे. या इतिहासातील काही प्रमुख व्यक्ती दुकानात बसून कापडाचे तागे मोजणाऱ्या होत्या. व्यापारी समाजाला म्हणूनच तो विशेष जवळचा वाटेल.

मूळ प्रसंग मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आलेला आहे. एक सधन गृहस्थ येशूकडे येतो आणि शाश्वत जीवनासाठी काय करावे, असे विचारतो. धर्माज्ञा तो लहानपणापासून पाळत आलेला असतो. तेव्हा येशू त्याला सर्व मालमत्ता विकून गरिबांना वाटून टाकण्यास आणि मग आपल्यामागे येण्यास सांगतो. तो गृहस्थ खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याची मालमत्ता मोठी असते. उंट आणि सुईचे नाक हा सुप्रसिद्ध दृष्टान्त यानंतरचाच आहे.

एवढाच प्रसंग असता तर प्रश्नाचा निकाल तेथेच लागला असता. परंतु लूकच्या शुभवर्तमानात लगेच पुढच्या अध्यायात यरीहो नगरातील मुख्य जकातदार जक्कय याची कथा येते. अर्धी संपत्ती गरिबांना देण्याची आणि ज्यांना फसवले असेल त्यांना चौपट परत करण्याची इच्छा तो व्यक्त करतो. येशू उरलेली अर्धी मागत नाही. त्या घराला तारण लाभल्याचे जाहीर करतो. उरलेल्या अर्ध्यातून चौपट परतफेड करावयाची म्हटल्यावर जक्कयाच्या हाती फारसे राहिले नसेल, हे हिशेब जाणणाऱ्याच्या लक्षात येईल. तरीही सर्वस्वाची अट त्याला घातली गेली नाही.

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात यरुशलेममधील पहिल्या ख्रिस्ती मंडळीचे वर्णन आहे. जमीनजुमला विकून आलेली रक्कम सभासद प्रेषितांच्या चरणी ठेवीत आणि गरजेप्रमाणे तिचे वाटप होई. तेथेच हनन्या आणि सप्पीरा या दाम्पत्याची कथा आहे. जमिनीच्या किमतीतील काही भाग त्यांनी मागे ठेवला आणि सर्वच दिल्याचा आव आणला. त्यांना दोष देताना पेत्र स्पष्ट करतो, की जमीन त्यांचीच होती आणि विकल्यानंतर पैसाही त्यांच्याच स्वाधीन होता. पैसा राखून ठेवणे हा त्यांचा अपराध नव्हता. खोटा हिशेब सांगणे हा होता. दान स्वेच्छेचे असावे आणि त्यात दंभ नसावा, हा दंडक तेव्हापासून रूढ झाला.

इसवी सन 200 च्या सुमारास हा प्रश्न ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया या मोठ्या व्यापारी बंदरात पुन्हा उपस्थित झाला. तेथील ख्रिस्ती मंडळीत सधन लोक येऊ लागले होते आणि उंटाचा दृष्टान्त ऐकून ते हवालदिल होत. त्यांच्यासाठी क्लेमेंट या विद्वान आचार्याने एक स्वतंत्र प्रबंध लिहिला. कोणता धनवंत तरून जाईल, हाच त्याचा विषय. संपत्ती हे एक साधन आहे. तिचा बरावाईटपणा वापरणाऱ्यावर अवलंबून असतो. सर्वांनीच सर्व टाकून दिले तर भुकेल्याला अन्न देणार कोण, असा त्याचा युक्तिवाद होता. टाकावयाची ती आसक्ती, असे त्याने प्रतिपादन केले.

हे विवेचन तर्कशुद्ध आहे, परंतु धनवंताला सोयीचेही आहे. आसक्ती गेली की राहिली, हे तपासणार कोण? तिजोरी भरलेली ठेवून मन रिकामे झाल्याचे सांगणे कोणालाही शक्य आहे.

ही पळवाट बंद करण्याचे काम चौथ्या शतकात बेसिल या धर्माचार्याने केले. आजच्या तुर्कस्तानातील सिझेरिया या नगरात 368 च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला आणि धनिकांनी धान्याची कोठारे बंद ठेवली. जास्तीची भाकरी भुकेल्याची आहे आणि पेटीत पडून राहिलेले वस्त्र उघड्याचे आहे, अशा आशयाची प्रवचने बेसिलने दिली. त्याने आपली वडिलार्जित मालमत्ता विकली, भुकेल्यांसाठी अन्नदान चालवले आणि पुढे नगराबाहेर रुग्णालय व निराधारांसाठी आश्रयस्थान उभारले. त्याच्या भूमिकेत मोठा कायदेशीर आशय आहे. गरजेपेक्षा अधिक असलेले धन देणे हा उपकार न राहता ती देण्याची रक्कम ठरते. तेराव्या शतकात टॉमस अक्विनास याने हाच विचार शास्त्रीय पद्धतीने मांडला.

यानंतर या इतिहासातील सर्वांत उद्बोधक कालखंड येतो. सन 1170 ते 1210 या चाळीस वर्षांत तीन व्यापारी घरांतून या एकाच प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली.

पहिला, फ्रान्समधील लिऑन येथील धनाढ्य व्यापारी वॉल्डो. तेराव्या शतकातील एका बखरीनुसार सन 1173 मध्ये त्याने आपली संपत्ती सोडण्याचा निश्चय केला. स्थावर की जंगम, याची निवड त्याने पत्नीला करू दिली. तिने स्थावर घेतले. जंगमातून त्याने ज्यांच्याकडून अन्यायाने पैसा मिळवला होता त्यांना तो परत केला, मुलींची व्यवस्था लावली आणि उरलेले दुष्काळात अन्नदानासाठी खर्च केले. पुढे तो एका जुन्या मित्राकडे जेवण मागू लागला, तेव्हा पत्नी रडत आर्चबिशपकडे गेली. आपल्या पतीने दुसऱ्याच्या दारी अन्न मागावे, हे तिला सहन झाले नाही. नगरात असताना त्याने पत्नीखेरीज इतरांकडे जेवू नये, असा निर्णय आर्चबिशपने दिला. वॉल्डोच्या अनुयायांना सन 1184 मध्ये चर्चने बहिष्कृत केले. तथापि तो वाद प्रामुख्याने परवानगीवाचून प्रवचने करण्याचा होता. दारिद्र्यव्रत हे त्याचे कारण नव्हते.

दुसरा, उत्तर इटलीतील क्रेमोना नगरीचा होमोबोनस. त्याच्या नावाचाच अर्थ ‘भला माणूस’. शिवणकाम आणि कापडाचा व्यापार हा त्याचा व्यवसाय. त्याने दुकान सोडले नाही, संसार सोडला नाही. सचोटीने धंदा केला, नफ्याचा मोठा भाग गरिबांना दिला आणि नगरातील तंटे मिटवले. 13 नोव्हेंबर 1197 रोजी चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी त्याचे निधन झाले. पुढे अवघ्या चौदा महिन्यांत, जानेवारी 1199 मध्ये, पोप तिसरे इनोसंट यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. शिंपी, कापडव्यापारी आणि व्यावसायिक यांचा तो आश्रयदाता संत मानला जातो.

तिसरा, असिसीचा फ्रान्सिस. त्याचे वडील पिएत्रो बर्नार्दोने हे फ्रान्सपर्यंत व्यवहार असलेले कापडव्यापारी होते. तरुण फ्रान्सिसने दुकानातील उंची कापड आणि घोडा फोलिन्योच्या बाजारात विकला आणि तो पैसा एका मोडकळीस आलेल्या चर्चच्या दुरुस्तीसाठी नेला. तेथील धर्मगुरूने तो घेण्यास नकार दिला. वडिलांनी तक्रार केली आणि प्रकरण बिशपपुढे गेले. बिशपने वडिलांचे धन वडिलांना परत करण्यास सांगितले. तेव्हा फ्रान्सिसने पैशासोबत अंगावरचे कपडेही उतरवून वडिलांपुढे ठेवले. ही घटना सन 1206 ची. या प्रसंगाचे वर्णन बहुधा फ्रान्सिसच्या वैराग्यासाठी केले जाते. परंतु बिशपचा निवाडाही तितकाच महत्त्वाचा आहे. दुसऱ्याच्या मालातून धर्मकार्य होत नाही, मग तो दुसरा स्वतःचा पिता का असेना.

सन 1209 मध्ये फ्रान्सिसच्या निष्कांचन जीवनक्रमाला तोंडी मान्यता देणारे पोप इनोसंट हेच होते. ज्यांनी दुकान चालवणाऱ्या होमोबोनसला संत ठरवले, त्यांनीच दहा वर्षांनी दुकान सोडणाऱ्या फ्रान्सिसला संघ स्थापण्याची अनुज्ञा दिली. सर्वांनी सर्व टाकावे असे चर्चने म्हटले नाही, आणि कोणीही टाकू नये असेही म्हटले नाही.

निष्कांचनतेचा मार्गही मात्र निष्कंटक नव्हता. फ्रान्सिसच्या मृत्यूनंतर त्याच्या संघाकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला. पैशाला स्पर्श न करणाऱ्या भिक्षूंच्या नावे इमारती उभ्या राहिल्या. मालकी पोपची आणि वापर भिक्षूंचा, अशी तोड काढण्यात आली. कठोर व्रताचा आग्रह धरणाऱ्या चौघा भिक्षूंना सन 1318 मध्ये मार्सेय येथे जाळण्यात आले. सन 1323 मध्ये तर, येशू आणि त्याचे शिष्य यांच्याकडे वैयक्तिक वा सामायिक अशी कोणतीच मालमत्ता नव्हती, हे मतच पोप बाविसावे जॉन यांनी पाखंड ठरवले. त्यागाच्या व्याख्येवरून माणसांचे प्राण गेले आणि गरीब होता तेथेच राहिला.

गरिबाला खरोखर काय हवे, याचा शोध पुढे याच संघातील भिक्षूंनी घेतला. सन 1462 मध्ये इटलीतील पेरूजा येथे त्यांच्या पुढाकाराने एक धर्मादाय पेढी स्थापन झाली. वस्तू तारण ठेवून गरिबांना अल्प व्याजाने कर्ज देणे हे तिचे कार्य. या भिक्षूंच्या प्रचारात ज्यू सावकारांविषयी विद्वेषही होता, हा त्या कार्यावरील डाग नाकारता येत नाही. परंतु अशा पेढ्या इटलीभर पसरल्या आणि खर्चापुरते व्याज घेण्यास सन 1515 मध्ये चर्चनेही मान्यता दिली. एकदा वाटलेले धन संपते. फिरते भांडवल दुसऱ्याच्याही उपयोगी पडते, हे सर्वस्व सोडलेल्या माणसांनीच ओळखले. वाणिज्य शाखेत शिकवल्या जाणाऱ्या द्विनोंदी पद्धतीचे पहिले छापील विवेचन सन 1494 मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध झाले. त्याचा कर्ता लुका पाचोली हाही फ्रान्सिसच्या संघातील भिक्षू होता.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी या प्रश्नाला आकड्यांची शिस्त दिली. त्यांनी आपल्या एका प्रवचनात ऑक्सफर्डमधील एका तरुणाचे उदाहरण दिले आहे; तो तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे मानले जाते. त्याचे वार्षिक उत्पन्न 30 पौंड होते. 28 पौंडांत तो राहिला आणि 2 पौंड दिले. दुसऱ्या वर्षी उत्पन्न 60 झाले. खर्च 28 च ठेवला आणि 32 दिले. तिसऱ्या वर्षी 90 पैकी 62, चौथ्या वर्षी 120 पैकी 92 पौंड दिले. उत्पन्न चौपट झाले, राहणी जागची हलली नाही. उद्योग आणि काटकसर यांनी संपत्ती वाढते आणि संपत्तीबरोबर धर्मभाव ओसरतो, याची खंत वेस्लींना उतारवयापर्यंत होती. आपल्याच अनुयायांत ते हे घडताना पाहत होते.

महाराष्ट्रातही या प्रश्नाला सामोरा गेलेला एक ख्रिस्ती पुरुष झाला. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी सन 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ ही चळवळ सुरू केली. सन 1919 मध्ये त्यांचे निधन झाले. हाती आलेला पैसा देऊन टाकण्याची त्यांची वृत्ती आणि त्यामुळे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेली संसाराची ओढाताण ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या मराठी वाचकाला ठाऊक आहे. वॉल्डोची पत्नी आणि लक्ष्मीबाई यांच्यात साडेसातशे वर्षांचे अंतर आहे, तरी दोघींसमोरील पेच एकच. त्याग करणाऱ्याचे नाव होते. त्याची किंमत पुष्कळदा घरातील दुसरे कोणी चुकवते. धनत्यागाचा विचार करताना ही बाजू वगळून चालणार नाही.

मग ख्रिस्ती धनवंताने काय करावे? या दीर्घ परंपरेतून काही गोष्टी निश्चित होतात. अन्यायाने मिळवलेले प्रथम ज्याचे त्याला परत करावे. ते दानात धरू नये. जे द्यावयाचे ते स्वतःचे असावे आणि आश्रितांची सोय लावून द्यावे. गरज म्हणजे किती, याची मर्यादा स्वतःहून घालून घ्यावी आणि उत्पन्न वाढले म्हणून ती वाढवू नये. त्या मर्यादेपलीकडचे धन गरिबाचे समजून, तो पुन्हा आपल्या पायावर उभा राहील अशा रीतीने त्याच्याकडे पोहोचवावे. सर्वस्वत्याग ही सर्वांवर लादण्याची आज्ञा नाही. परंतु तो करणारी काही माणसे समाजात असावीच लागतात; एरवी होमोबोनसच्या मार्गाने जाण्याचे म्हणणारा धनवंत हळूहळू क्लेमेंटच्या युक्तिवादाचा केवळ सोयीपुरता आधार घेऊ लागतो.

येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसला असता श्रीमंत लोक मोठमोठ्या रकमा टाकीत होते आणि एका गरीब विधवेने दोन क्षुल्लक नाणी टाकली, अशी कथा मार्कच्या शुभवर्तमानात आहे. सर्वांत अधिक दान तिचे, असे त्याने शिष्यांना सांगितले, कारण इतरांनी विपुलतेतून दिले होते आणि तिने आपल्या उपजीविकेतून. देणगीदारांच्या फलकावर दिलेल्या रकमा लिहिल्या जातात. त्या कथेतील हिशेब मात्र मागे किती शिल्लक राहिले यावरून केला गेला. ख्रिस्ती धनवंताला आपला ताळेबंद याच रीतीने मांडून पाहावा लागेल.