आखूड केसांचा कुत्रा आणि घरभर केस

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांस हसूं येईल. कुत्र्याचे केस गळतात, ही काय नभोवाणीवर बोलण्याची गोष्ट, असें त्यांस वाटेल. परंतु ज्यांच्या घरीं लॅब्रॅडॉर, पग, बीगल किंवा डाल्मेशियन जातीचा कुत्रा आहे ते हसणार नाहींत. धुतलेल्या सदऱ्यावर केस, उशीवर केस, चहाच्या पेल्यांत केस, असा त्यांचा नित्याचा अनुभव आहे. शिवाय ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लकही नाहीं. केसांना कंटाळून माणसें कुत्रा देऊन टाकतात. कांहीं तर त्याला गाडींत घालून घाटांत किंवा परगांवच्या वेशीवर सोडून येतात. भूकतहानेनें हाल होतील अशा स्थितींत पाळीव जनावर टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. कायद्याचें राहूं द्या. पण गादीवर निजण्याची संवय झालेलें जनावर रस्त्यावर फार दिवस तग धरीत नाहीं, हें सांगावयास कायदा कशाला पाहिजे?

लोकांची पहिली समजूत अशी, कीं आखूड केसांचा कुत्रा घेतला म्हणजे केसांचा त्रास नाहीं. दुकानदारही तसें खुशाल सांगतात. वस्तुस्थिति बरीचशी उलट आहे. कुत्र्याचा प्रत्येक केस कांहीं काळ वाढतो, मग वाढ थांबून कांहीं काळ नुसता त्वचेंत बसून राहतो आणि शेवटीं गळून त्याच्या जागीं नवा येतो. पूडल जातीच्या कुत्र्याचे बहुतेक केस वाढीच्या अवस्थेंत असतात; म्हणून ते लांबत जातात, कापावे लागतात, परंतु गळतात थोडे. आखूड केसांच्या पुष्कळ जातींत केस थोडा वाढून लौकरच विश्रांति घेतो, आणि विश्रांतींतला केस केव्हांतरी गळावयाचाच. केस आखूड राहतो याचें कारणच हें, कीं त्याची वाढ लौकर थांबते. त्यांतून लांब केस अंगावरच्या केसांत अडकून राहतो व फणीला येतो. आखूड केस सरळ खालीं पडतो. तो ताठ असल्यामुळें सुईसारखा कापडाच्या विणींत शिरतो आणि झटकला तरी निघत नाहीं.

आतां लॅब्रॅडॉरचेंच उदाहरण घेऊं, कारण आपल्या शहरांतून हा कुत्रा फार झाला आहे. याचे पूर्वज न्यू फाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर काम करीत. तेथून ते इंग्लंडांत आले, आणि तेथील केनेल क्लबानें १९०३ सालीं लॅब्रॅडॉर ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली. बर्फासारख्या थंड पाण्यांत उडी घेणाऱ्या या प्राण्यास निसर्गानें दुहेरी पांघरूण दिलें आहे. वरचे केस आखूड, राठ व किंचित् तेलकट, त्यांवरून पाणी ओघळून जातें. आणि त्यांच्याखालीं दाट, मऊ लव. ही लवच ऋतु पालटतांना मुठीमुठीनें निघते. बॉक्सर, डॉबरमन किंवा आपल्याकडील कारवानी यांच्या अंगावर अशी दाट लव नसते. आपला गांवठी कुत्रा पहा. त्याचे केस विरळ आणि अंगाला चिकटलेले. येथील हवेस साजेल असेंच तें पांघरूण आहे, आणि या एका कारणासाठीं जरी कोणीं गांवठी पिल्लूं घरीं आणलें तरी मी त्यास शहाणा म्हणेन.

केस टाकण्याचा काळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरतो, उष्णतेचा त्यांत भाग आहे पण दुय्यम. लंडन शहरीं उन्हाळ्यांतला सर्वांत मोठा दिवस सुमारें साडेसोळा तासांचा आणि हिवाळ्यांतला सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी. तेथील कुत्र्याच्या शरीरास ऋतु स्पष्ट समजतो. वसंतांत एकदां आणि शरदांत एकदां तो भरपूर केस टाकतो आणि मधल्या काळांत बराच आवरतो. आमच्या साताऱ्यास मोठा दिवस सुमारें तेरा तासांचा व लहान अकरांचा, म्हणजे फरक अवघा दोन तासांचा. त्यांत रात्रीं अकरापर्यंत घरांत विजेचे दिवे. मग आमच्याकडील कुत्र्यानें बारा महिने थोडे थोडे केस टाकावे यांत त्याचा काय दोष? होळीच्या सुमारास आणि पुन्हां पावसाळा सरतांना कांहीं कुत्र्यांत जोर वाढतो इतकेंच.

माझे चिरंजीव नोकरीनिमित्त परदेशीं गेले आणि त्यांचा मोती नांवाचा पिंवळसर लॅब्रॅडॉर आमच्या घरीं आला. मोती स्वभावानें गरीब. परंतु पंधरा दिवसांत कणकेच्या परातींत केस, देव्हाऱ्यांतल्या वस्त्रावर केस, निरांजनाच्या वातींतही केस! आमच्या सौभाग्यवतींनीं एके दिवशीं निक्षून सांगितलें, "अहो, मुलाला पत्र टाका. कुत्र्याची दुसरीकडे कोठें सोय करा म्हणावें. माझ्यानें हें होणार नाहीं." त्यांचें म्हणणें अन्यायाचें नव्हतें, केर त्यांनाच काढावा लागे. मीं दोन महिन्यांची मुदत मागून घेतली आणि पशुवैद्यांस विचारून एक क्रम ठरविला. तोच पुढें सांगतों. त्या मुदतीनंतर केस नाहींसे झाले असें नव्हे. परंतु पूर्वीं रोज सुपलीभर निघत ते चिमूटभरावर आले, आणि पत्राचा विषय पुन्हां निघाला नाहीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खरारा. घोड्याला खरारा करतात हें आपणांस ठाऊक आहे. आखूड केसांच्या कुत्र्यास तसाच, पण रबराच्या बोथट दातांचा खरारा लागतो. हातमोज्यासारखाही मिळतो. केस पडणारच आहेत. ते घरांत जागोजाग पडण्यापेक्षां अंगणांत एका जागीं पडावे, एवढाच यांतला हिशेब. प्रथम खरारा अंगावर हलक्या हातानें गोल गोल फिरवावा, त्यानें सुटे केस वर येतात. नंतर केसांच्या वळणानें मानेपासून शेपटीकडे ओढावा, आणि शेवटीं ओलसर फडकें फिरवावें. मांड्यांची मागची बाजू, मान आणि शेपटीचें मूळ येथें लव दाट असते, तेथें जास्त वेळ द्यावा. पोटाशीं कातडी नाजूक असते, तेथें हात हलका. रोज दहा मिनिटें पुरेत. रविवारीं तासभर घासून आठवडा भरून काढूं म्हणणाऱ्याचा कुत्रा खरारा पाहतांच पलंगाखालीं जातो. दातेरी पोलादी पात्याचें एक हत्यारही हल्लीं मिळतें. तें लव झपाट्यानें काढतें खरें, पण तेंच रोज चालविल्यास वरचे चांगले केस तुटतात आणि कातडी खरचटते. ऋतु पालटतांना आठवड्यांतून एकदां, तेंही दुहेरी केसांच्या कुत्र्यावरच, वापरावें. बॉक्सर किंवा डाल्मेशियन यांस त्याचें प्रयोजन नाहीं.

स्नानाविषयीं मतभेद फार. माझ्या मतें निरोगी कुत्र्यास महिन्यांतून एक स्नान पुष्कळ झालें. आपल्या त्वचेचा गुण आम्लाकडे झुकलेला असतो, कुत्र्याचा तितका नसतो. म्हणून आपला साबण किंवा शांपू त्यास लावूं नये, कुत्र्यासाठीं केलेलाच आणावा. पाणी कोमट असावें. फेंस अंगावर असतांनाच खरारा केला म्हणजे सुटलेले केस भराभर निघतात. मग फेंसाचा अंश राहणार नाहीं असें धुवून अंग मुळापर्यंत कोरडें करावें. ही शेवटची गोष्ट पावसाळ्यांत विशेष संभाळावी, कारण लवेखालीं ओल राहिली कीं खाज व कुबट वास सुरू होतो, आणि कुत्रा तीच जागा चाटून चाटून एका रात्रींत जखम करून घेतो.

उन्हाळा आला कीं कांहीं लोक कुत्र्याचे केस भादरून टाकतात. तसें करूं नये. भादरल्यानें गळणें थांबत नाहीं, फक्त गळणारा तुकडा आखूड होतो, म्हणजे वेंचावयास अधिक कठीण. उघड्या कातडीस ऊन भाजतें, आणि दुहेरी केस पुष्कळदां पूर्ववत् उगवत नाहींत.

आहाराचा विषय मोठा आहे. केस म्हणजे बहुतांशीं प्रथिन. आमच्याकडे कुत्र्यास दूधपोळी घालण्याची जी रीत आहे तींत पोट भरतें, पण प्रथिन पुरेसें पडत नाहीं. शिवाय पोळीवर पोसलेल्या कुत्र्यास जस्त नांवाच्या धातूचीही उणीव पडूं शकते, कारण धान्याच्या कोंड्यांतील एक द्रव्य त्यास बांधून ठेवतें. अशा कुत्र्याचे केस निस्तेज होतात आणि अवेळीं गळतात. शिजविलेलें अंडें, कोंबडी, मासळी ज्यांच्या घरीं चालते त्यांनीं ती द्यावी. मात्र मासळीचे कांटे व शिजलेलीं हाडें काढून. अंड्याचा पांढरा भाग कच्चा देऊं नये. त्यांतील एक द्रव्य बायोटिन हें जीवनसत्त्व शोषूं देत नाहीं. ज्यांच्या घरीं मांसमासळी चालत नाहीं त्यांनीं कुत्र्यासाठीं तयार केलेलें, संपूर्ण आहार असें लिहिलेलें खाद्य आणावें. त्वचेस लागणारें लिनोलेइक आम्ल आमच्या करडईच्या तेलांत भरपूर असतें. मोठ्या कुत्र्यास दिवसाला चहाचा एक चमचा पुरे. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट मासळींतील स्निग्धांशानें खाजणाऱ्या त्वचेचा दाह कमी होण्यास मदत होते. जवसांतही त्या कुळींतला स्निग्धांश असतो, परंतु कुत्र्याचें शरीर त्याचा तितका उपयोग करूं शकत नाहीं. या कशाचाही परिणाम दिसावयास सहा ते आठ आठवडे लागतात, कारण नवा केस यावा लागतो. आणि तेल म्हणजे मेद हें विसरूं नये. लॅब्रॅडॉर मुळांतच खादाड. कांदालसूण घातलेली उरलीसुरली आमटी-भाजी कुत्र्याच्या ताटांत मुळींच जाऊं नये. त्यानें रक्तांतील तांबड्या पेशी नासतात.

घराविषयीं थोडेंसें. कोरड्या केरसुणीनें केस उडून दुसरीकडे बसतात. आधीं ओलसर फडकें, मग केरसुणी. सोफ्यावर ओला रबरी हातमोजा एकाच दिशेनें ओढावा, केसांची वळकटी हातांत येते. कुत्र्याची बसण्याची जागा ठरवून तेथें जाड चादर घालावी व ती आठवड्यास गरम पाण्यानें धुवावी. आमच्या घरीं ती चादर आतां सौभाग्यवतीच शिवतात, जुन्या लुगड्यांची. स्वयंपाकघर आणि देवघर येथें कुत्र्यानें उंबऱ्याबाहेर बसावें, हें तो चार दिवसांत शिकतो. घरांतलीं माणसें शिकावयास अधिक वेळ घेतात.

घरांत कोणाला दमा असल्यास एक गोष्ट नीट समजून घ्यावी. त्रास मुख्यतः केसांपासून नसतो, तर कुत्र्याच्या लाळेंत व कोंड्यांत असणाऱ्या प्रथिनांपासून असतो. केस त्यांचें वाहन. म्हणून आखूड केसांचा कुत्रा आणला तर मुलाला त्रास होणार नाहीं, ही आशा खोटी आहे. डॉक्टरांस विचारूनच कुत्रा आणावा. आणल्यावर तो परत पाठविणें मुलासही जड जातें आणि कुत्र्यासही. खरारा दमेकऱ्यानें करूं नये आणि निजण्याच्या खोलींत कुत्रा येऊं देऊं नये.

आतां गळणें आणि रोग यांतला भेद. सर्वांगावरून सारखे केस जात असतील, खालची कातडी स्वच्छ असेल, कुत्रा खाजवीत नसेल व खेळत-खात असेल, तर तें साधें गळणें. परंतु जागोजाग चट्टे पडले, कातडी लाल किंवा खवल्यांची झाली, घाण वास येऊं लागला, तर खरारा ठेवून पशुवैद्यांकडे जावें. गोचीड, पिसवा, खरूज, गजकर्ण यांपैकीं कांहींही असूं शकेल. गजकर्ण तर मुलांनाही लागतें. अशा वेळीं रॉकेल किंवा गाडीचें जळकें तेल फांसण्याची चाल अजून गांवोगांव आहे. कुत्रा तें चाटतो आणि विष पोटांत जातें. ही चाल मला अघोरी वाटते. गोचिडांच्या औषधांतील परमेथ्रिन कुत्र्यास चालतें पण मांजरास प्राणघातक ठरतें; घरांत दोन्ही असतील तर हें पशुवैद्यांस आधींच सांगावें.

आणखी एक प्रकार फसवा आहे. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांच्या लॅब्रॅडॉरचे दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होऊं लागले, शेपटी उंदराच्या शेपटीसारखी दिसूं लागली. खाज नाहीं, जखम नाहीं. कुत्रा जाड झाला, दिवसभर निजूं लागला. घरचे म्हणत, वय झालें. वय होतें अवघें सहा! रक्ततपासणींत गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि मंदावल्याचें निघालें. गोळी सुरू झाली, ती जन्मभर घ्यावयाची. पण कांहीं महिन्यांत केस भरून आले आणि कुत्रा पुन्हां फाटकापर्यंत धांवूं लागला. पाणी अतोनात पिणें, पोट लोंबणें व केस विरळ होणें ही तिन्ही एकत्र दिसलीं तर दुसऱ्याच एका ग्रंथीचा विकार संभवतो; त्याचीही तपासणी होते. व्यालेल्या कुत्रीचे केस मात्र पिल्लांच्या जन्मानंतर दोनएक महिन्यांनीं भराभर जातात, त्यास भिण्याचें कारण नाहीं. तिला पोटभर खावयास द्यावें.

राहतां राहिला प्रश्न जमलेल्या केसांचा. पक्ष्यांना घरट्यास उपयोगी पडतील म्हणून कांहीं हौशी मंडळी ते झाडावर टांगतात. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, केस असलेल्या ज्या घरट्यांची त्यांनीं तपासणी केली त्या प्रत्येकांत फिप्रोनिल हें पिसवांवरचें औषध सांपडलें, आणि जेथें अशीं कीटकनाशकें अधिक तेथें न उबलेलीं अंडीं व मेलेलीं पिल्लें अधिक होतीं. तेव्हां औषध लावलेल्या कुत्र्याचे केस झाडावर ठेवूं नयेत. ते कागदांत गुंडाळून केराच्या डब्यांत टाकावे. औषध न लावलेल्या कुत्र्याचे असतील तर परसांतल्या खतखड्ड्यांत पातळ पसरून वर माती टाकावी. कुजावयास पुष्कळ महिने लागतात, पण कुजतात.